साखरेची चौकोनी वडी

दिवाळी आली की आमच्या अंकुशनगरात घराघरांतून तळणाचा वास सुटतो, आणि त्याच्या मागोमाग, नाकाला सवय नसलेल्या पाहुण्याला जरा उग्रच वाटणारा, उसाच्या रसाचा आणि मळीचा वास येतो. अंबड तालुक्यातील हे गाव साखर कारखान्याभोवती वसलेले. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, ट्रॅक्टरांच्या आणि बैलगाड्यांच्या रांगा लागतात, आणि माझ्या वर्गातील काही बाके रिकामी होतात. ती मुले आईबापांबरोबर परमुलखात ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांच्या जागी दुसऱ्या गावांहून आलेल्या टोळ्यांची मुले येऊन बसतात. अशा गावी राहून चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या मॅट्रिक शाळामास्तराने चेक देशातील कपबशांवर आणि किटल्यांवर टीकालेख लिहावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले होते. पण मौज अशी की, त्या कपबशांचा विचार करता करता मी फिरून आमच्या उसाच्या फडातच येऊन पोहोचलो.

निमित्त झाले एका पुस्तकाचे. माझा एक जुना विद्यार्थी जालना रस्त्यावर शेंद्रा येथील स्कोडा मोटारींच्या कारखान्यात कामाला आहे. हा कारखाना 2001 पासून तेथे आहे, आणि स्कोडा ही मूळची बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक देशाची, मोटार. गेल्या दिवाळीला तो फराळाला आला तेव्हा एक जाडजूड सचित्र ग्रंथ घेऊन आला. "गुरुजी, तुम्ही चित्रकलेचा तास घेता ना, मग हे बघा," एवढेच म्हणाला. ग्रंथात चित्रे होती ती खुर्च्यांची, पेल्यांची, पुस्तकांच्या वेष्टनांची, लाकडी खेळण्यांची. देवदेवता नाहीत, सुंदर स्त्रिया नाहीत, सूर्यास्त नाही. आरंभी मी निराशच झालो. आपल्याकडे उपयोजित कला म्हटले की पाट्या रंगवणे आणि जाहिराती काढणे एवढेच डोळ्यांपुढे येते. खुर्चीलाही कोणी कर्ता असतो, हे ध्यानात यायला मला दोन दिवस लागले.

आणि मग जे ध्यानात आले त्याने मी चकित झालो. या देशाच्या वस्तू आपण पिढ्यान्पिढ्या घरात वापरत आहोत, आणि त्या तिकडच्या आहेत याचा आपल्याला पत्ता नाही. बाटाचेच घ्या. शाळेच्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून ज्याने घातले नाहीत असा माणूस आमच्या पिढीत विरळा. बाटा हे नाव इतके आपलेसे झाले की ते कोण्या बंगाली किंवा पारशी गृहस्थाचे असावे अशी माझी लहानपणी समजूत होती. प्रत्यक्षात टोमाश बाटा हा मोराव्हियातील झ्लीन गावच्या चांभाराचा मुलगा. त्याने 1894 मध्ये भावंडांसह कारखाना काढला, आणि 1922 मध्ये मंदीच्या तडाख्यात देश सापडला असता जोड्यांच्या किमती एकदम निम्म्यावर आणल्या. पुढे 1930 नंतर कलकत्त्याजवळ बाटानगर वसले आणि तेथून हा जोडा आमच्या जालन्याच्या बाजारात आला.

जावाची गोष्ट त्याहून रसाळ आहे. ही मोटारसायकल 1929 मध्ये प्रागमध्ये निघाली. कारखानदार यानेचेक याच्या नावातील पहिली अक्षरे आणि ज्या जर्मन वॅन्डरर गाडीचे हक्क त्याने घेतले तिची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव झाले. 1961 पासून ती म्हैसूरला तयार होऊ लागली, 1973 पासून तिला येझदी म्हणू लागले आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. (2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण ती गाडी वेगळी.) माझ्या लहानपणी गावात एकाकडे येझदी होती. तिचा एकच दांडा दोन कामे करी. आत दाबून वर वळवला की तो किकचा दांडा, सुरू झाल्यावर खाली पाडला की गिअरचा. आम्ही पोरे तो चमत्कार पाहायला उभी राहत असू. आज विचार करता त्यात चमत्कार नाही, काटकसर आहे. एका दांड्यात भागते तेथे दोन कशाला, असे कोणीतरी बसून योजलेले आहे. एच.एम.टी.चा पहिला पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टरही 1971 मध्ये झेटर या चेक कंपनीच्या सहकार्यानेच निघाला. म्हणजे पायातला जोडा, बसायची गाडी आणि नांगरणारे यंत्र, तिन्ही तिकडची. आणि आमच्या आजीच्या तरुणपणी हातातली काचेची बांगडीही बहुधा याब्लोनेत्स नावाच्या तिकडच्याच गावची असे, जिच्यावर स्वदेशीच्या चळवळीत बहिष्कार पडला.

साखर कारखान्याच्या गावचा माणूस म्हणून मला ज्या पानावर थांबावे लागले ते मात्र यापैकी कोणत्याच वस्तूचे नव्हते. ते होते साखरेच्या चौकोनी वडीचे.

ही वडी उपाहारगृहात चहाच्या बशीत ठेवतात, तीच. तिला कोणी शोधून काढावे लागले असेल असे कोणाच्या मनात येईल? पूर्वी युरोपात साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळे. ढेप हातभर, कधी त्याहूनही उंच, आणि दगडासारखी टणक. घरच्या बाईने हातोडी, सांडशी घेऊन तिचे तुकडे पाडायचे. दाचित्से या मोराव्हियातील गावी याकुब क्रिश्टोफ राड नावाचा गृहस्थ साखर कारखान्याचा व्यवस्थापक होता. हकीकत अशी सांगतात की, 1841 मध्ये त्याची पत्नी युलियाना हिचे बोट ढेप फोडताना कापले. ती नवऱ्यावर रागावली. एवढा मोठा साखरेचा जाणकार, आणि घरात सोयीची साखर नाही! राडने ओलसर साखर साच्यात दाबून, वाळवून चौकोनी वड्या पाडल्या, आणि काही महिन्यांनी बायकोला एक पेटी भेट दिली. तिच्यात 350 वड्या होत्या, पांढऱ्या आणि लाल. 23 जानेवारी 1843 रोजी त्याला पेटंट मिळाले. आज दाचित्से गावात या वडीचे स्मारक आहे, आणि तेही पांढऱ्या चौकोनाचेच.

मी ही कथा स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवली. चकल्या चालल्या होत्या. आमच्या सौभाग्यवती झारा न थांबवता म्हणाल्या, "अहो, बोट कापले म्हणून त्याने वडी केली हे खरे. पण तिने आधी बोलून दाखवले, हे जास्त खरे."

टीकाकाराने याहून अधिक काय सांगायचे! या सबंध ग्रंथातील उत्तम वस्तूंना मी मग हीच कसोटी लावत गेलो. आकार चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचे ते हे की, कोणाचे बोट कापत होते, आणि त्याचे म्हणणे करणाऱ्याच्या कानापर्यंत गेले काय?

या कसोटीला तिकडच्या साऱ्याच वस्तू उतरतात असे नाही. प्रागमध्ये 1908 साली कलावंतांनी 'आर्त्येल' नावाची सहकारी मंडळी काढली. रोजच्या वापरातील वस्तू सुंदर कराव्यात हा तिचा हेतू. त्यांपैकी पावेल यानाक याने 1911 मध्ये केलेला मातीचा डबा फार गाजलेला आहे. स्फटिकासारखा, कोनाकोनांचा, पांढऱ्यावर काळ्या रेघांचा. दिसायला अपूर्व. पण त्याचे कोपरे पाहताच माझ्या मनात आले की हा घासायचा कोणी? या डब्यात साखर ठेवली तर मुंगीला घर आणि बाईला त्रास. चित्रकारांनी चित्राचे नवे वेड मातीवर चढवले, एवढेच येथे घडले आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी आलेला लादिस्लाव सुटनार हा माझ्या मते या ग्रंथाचा खरा नायक. जन्म 1897, गाव प्लझेन. तिकडे 1922 मध्ये वाचकांची एक सहकारी प्रकाशनसंस्था निघाली होती. तिच्या नावाचा अर्थच 'सहकारी काम' असा होतो. वाचक हेच तिचे सभासद. चांगले छापलेले पुस्तक माफक दरात घरी यावे म्हणून ते एकत्र आले, आणि मग त्यांना असे वाटू लागले की चांगले पुस्तक ज्या टेबलावर ठेवायचे ते टेबल, त्यावरचा पेला, दिवा, पडदा हेही चांगले आणि परवडणारे का नसावेत? म्हणून संस्थेने 'क्रास्ना यिज्बा', म्हणजे 'सुंदर खोली', या नावाने दुकान काढले. सुटनारने तिच्यासाठी बर्नार्ड शॉच्या पुस्तकांची वेष्टने केली आणि चहाची भांडीही केली. शॉच्या वेष्टनांवर छायाचित्र, मोकळी जागा आणि ठसठशीत अक्षर यांखेरीज काही नाही. आणि तरी ते पुस्तक दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारील असे.

त्याचा काचेचा चहाचा संच मी पुष्कळ वेळ न्याहाळला. उष्णता सोसणारी पातळ काच, तीवर ना फूल, ना पान, ना सोनेरी रेघ. बोहेमियाची काच म्हणजे कोरीवकाम आणि झुंबरे असा जगभर लौकिक असता या माणसाने ती अगदी पाण्यासारखी निर्व्याज ठेवली. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची जात त्याने चहाला दिली. वस्तू देखणी आहे यात वाद नाही. घरात मात्र मतभेद झाला. "यात चहा दिला तर दूध किती घातले ते पाहुण्याला बाहेरूनच दिसेल," असा शेरा आला. सुटनारच्या देशी चहा कोराच पितात हे मी सांगून पाहिले. पण शेरा मागे घेतला गेला नाही.

विनोद सोडा; त्या शेऱ्यात एक मर्म आहे. 'सुंदर खोली'चे गिऱ्हाईक बहुतांशी शिकलेला शहरी मध्यमवर्ग होता. ज्या कामकऱ्यासाठी हे सारे साधे आणि स्वस्त करायचे होते त्याला फुलाफुलांचा पेलाच आवडत असावा. साधेपणा हा पुष्कळदा भरल्या घरच्या माणसाचा शौक असतो. ज्याच्या घरी भिंतीही साध्या, ताटही साधे, त्याला कपावर एक गुलाब हवा असतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. सुटनारचा मोठेपणा असा की, त्याने निदान दुकान सहकारी ठेवले आणि किमतीकडे पाठ फिरवली नाही.

बाटाच्या झ्लीन गावाची चित्रे पाहताना माझे मन असेच दुभंगले. तांबड्या विटा, काँक्रीटचे खांब, खांबाखांबांत 6.15 मीटरचे ठरलेले अंतर. कारखाना त्याच मापाचा, शाळा त्याच मापाची, रुग्णालयही त्याच मापाचे. कामगारांना बागेसह छोटी विटांची घरे. अंकुशनगरात राहणाऱ्याला हे चित्र परके वाटत नाही. भोंग्यावर घड्याळ लावणारी वसाहत आम्हीही पाहतो. झ्लीनचे घर स्वच्छ होते, उजेडाचे होते, ही लहान गोष्ट नव्हे. पण मालकाच्याच घरात राहायचे, मालकाच्याच दुकानात खरेदी करायची, मालकाच्याच शाळेत मूल घालायचे, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची? 1938 साली तेथे बांधलेल्या सतरा मजली कचेरीत मालकाची खोली लिफ्टमध्ये होती. ती प्रत्येक मजल्यावर जाऊन थांबू शके. यंत्र म्हणून ही युक्ती अजोड आहे. पण ज्या मजल्यावर ती खोली थांबे त्या मजल्यावरच्या कारकुनाच्या जिवाचे काय होत असेल, हे मी मास्तर असल्यामुळे जाणतो. आमचे मुख्याध्यापक असेच हळूच दाराशी येऊन उभे राहतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे हा विचार नव्हताच असे कोणी म्हणू नये. प्रागमध्ये 'आर्त्येल' निघाली त्याच 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तोही माणशी एक एक पैसा गोळा करून. पुढे 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काच कारखाना आला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत लागला. लक्ष्मणराव किर्लोस्कर तर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेलेले. डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ती सुटली, आणि हा मनुष्य यंत्राची चित्रे काढता काढता लोखंडी नांगराकडे वळला. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांवरील चित्रे ही तर चांगली छापून घरोघर पोहोचलेली उपयोजित कलाच. वाचकहो, या घटकेला तुमच्या हातात जो अंक आहे त्याचे वेष्टनही कोणीतरी योजलेले आहे. एकवार उलटून पाहा.

आणि साखरेचे म्हणाल तर, साखरेला आकार देण्याची कला महाराष्ट्राला दाचित्सेकडून शिकण्याचे काहीच कारण नाही. पाडव्याच्या गाठी लाकडी साच्यात, मधून दोरा घालून पाडतात. लक्ष्मीपूजनाला बत्तासे येतात. संक्रांतीचे हलव्याचे दागिने पाहा. एकेका तिळावर, खसखशीवर थेंब थेंब पाक चढवत, मंद आचेवर परातीत बोटे फिरवत काटा आणायचा, आणि मग त्याची चिंचपेटी, बाजूबंद, मुकुट गुंफायचा. काळ्या साडीवर तो पांढरा साज जिने पाहिला आहे तिला मी दुसऱ्या कोणत्या प्रदर्शनाला बोलावू? हे काम करणारीचे नाव मात्र कोणत्याही सचित्र ग्रंथात नाही.

माझी तक्रार आहे ती येथे. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या खेड्यांतून सहकार असा फोफावला की त्याने शाळा काढल्या, महाविद्यालये काढली, रुग्णालये काढली. मी स्वतः त्या सावलीत वाढलो. कृतघ्न होण्याची माझी इच्छा नाही. पण तिकडे पुस्तकांच्या सहकारी संस्थेला वाचकाच्या टेबलावरील पेल्याची काळजी वाटली, आणि आपल्याकडे उसाच्या सहकाराला तोडणाऱ्याच्या हातातील कोयत्याची काळजी वाटल्याचे मला आढळले नाही. कोणा एका कारखान्याची ही गोष्ट नाही. माझ्यासकट आपल्या सर्वांची आहे. साखर तयार होते, दाण्याच्या आकारावरून तिला एस किंवा एम म्हणतात, पन्नास किलोच्या पोत्यात शिवतात आणि धाडून देतात. दाण्याचे माप आहे. हाताचे माप कोणाकडे आहे?

नवराबायकोच्या जोडीलाच आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव देणारी ही भाषा ऐकून सुटनार काय म्हणाला असता कोण जाणे. उसाचे पाचट हाताला कापते, कोयता निसटतो, मोळी डोक्यावर घेऊन बाईने फळीवरून गाडीत चढायचे असते. युलियानाचे एक बोट कापले त्याचे स्मारक आहे. आता यंत्रे आली आहेत, ऊस आपोआप तोडतात. पण ती आहेत तेथे आहेत, आणि कोयते अजून पुष्कळ आहेत. मागे एका सहकारी संस्थेच्या सभेत मी उठून म्हणालो होतो की, तोडणाऱ्यांसाठी हातमोजे कसे असावेत, मूठ कशी असावी, यासाठी तंत्रनिकेतनाच्या मुलांकडून नमुने मागवावेत, थोडे बक्षीस ठेवावे. सभा प्रेमळपणे हसली. "मास्तर कादंबरी लिहितात," असे कोणीसे म्हणाले आणि पुढचा विषय निघाला. मीही हसलो आणि बसलो. त्या हसण्याची लाज मला हा ग्रंथ चाळताना वाटली.

सुटनार 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी गेला आणि त्याच्या देशात जर्मन घुसल्यामुळे तिकडेच राहिला. 1976 मध्ये तेथेच वारला. अमेरिकेत टेलिफोनच्या क्रमांकातील विभागाचा आकडा कंसात छापण्याची चाल त्याची. लांबलचक क्रमांक डोळ्याला दोन घासांत खाता यावा म्हणून केलेली. कोट्यवधी लोकांनी तो कंस वापरला. त्यावर त्याचे नाव नाही. मला त्याचे हे काम त्या काचेच्या संचापेक्षाही थोर वाटते.

गेल्या हंगामाच्या आरंभी रस्त्याच्या कडेला एका घिसाडी कुटुंबाने पाल ठोकले होते. बाप सांडशीत लोखंड धरी, बाई घण मारी, पोरगी भाता ओढी. मला घरच्या बागेसाठी कोयता हवा होता. त्याने माझ्याकडे वर पाहिलेच नाही. विचारले, "कोणाच्या हातासाठी? बाईच्या का गड्याच्या?"

मी म्हटले, "काय फरक पडतो?"

तेव्हा घण खाली ठेवून त्याच्या बायकोने आपला पंजा उघडून माझ्यापुढे धरला, आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या ढिगातून एक बारीक मुठीचा कोयता उचलून त्यात ठेवून दाखवला. मुठीला चिंधी गुंडाळलेली होती, अंगठ्यापाशी जराशी जाड. किंमत दोन्हींची एकच होती. मी तो बारीक मुठीचाच घेतला. सध्या तो आमच्या घरी नारळ सोलायच्या कामी येतो, आणि मला तो वापरायची परवानगी नाही.